शाकाहाऱ्यांचे कोडे आणि मांजर

मांस खाल्ल्याने होणारा रोग जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला कसा होईल? टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न अनेक वर्षे छळत होता.

हा एकपेशीय जीव १९०८ मध्ये ट्युनिस येथे निकोल आणि मान्सो यांना गुंडी नावाच्या कृंतक प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना तो सशात सापडला. त्याचा आकार धनुष्यासारखा वाकडा असतो. ग्रीक भाषेत 'टोक्सॉन' म्हणजे धनुष्य, त्यावरून हे नाव पडले. पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी दाखवून दिले की, हा संसर्ग आईकडून गर्भाला होतो व बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करतो.

१९४८ मध्ये साबिन व फेल्डमन यांनी रक्तातील प्रतिपिंडे ओळखण्याची चाचणी शोधली. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस तयार करणारे साबिन ते हेच. या चाचणीमुळे लक्षणे नसलेल्या माणसांतील जुना संसर्गही कळू लागला. तो जगभर आढळला. अर्धकच्च्या मांसातून तो पसरतो, हे १९६५ मध्ये पॅरिसमधील अभ्यासाने दाखवले. पण मुंबई परिसरात केलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत शाकाहारी व मांसाहारी यांच्यातील संसर्गाचे प्रमाण सारखेच निघाले होते! शिवाय गवत खाणाऱ्या मेंढ्यांनाही तो होतच होता. म्हणजे आणखी एखादी वाट असलीच पाहिजे.

ती वाट १९६५ मध्ये ग्लासगोच्या हचिसन यांना दिसली. संसर्ग झालेल्या मांजराची विष्ठा कित्येक महिने पाण्यात ठेवल्यावरही तिच्यापासून उंदरांना रोग होत होता. परजीवी मांजराच्या पोटातील जंतांच्या अंड्यांतून जात असावा, असा तर्क त्यांनी केला. मात्र जंत नसलेल्या मांजरांपासूनही रोग पसरतो असे दिसल्यावर तो तर्क मागे पडला. अखेर १९७० पर्यंत उलगडा झाला: या परजीवीचे लैंगिक प्रजनन मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते आणि त्याच्या टणक कवचाच्या अंडपुटी विष्ठेतून बाहेर पडतात. त्या माती, पाणी आणि भाजीपाला यांतून शाकाहाऱ्यांपर्यंत पोहोचतात. या संशोधनात भारतात जन्मलेले जे. पी. दुबे यांचाही वाटा होता.

मग गर्भवती स्त्रीच्या घरातले मांजर हाकलून द्यायचे का? तशी गरज नाही. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, या अंडपुटी टाकते. बाहेर पडल्यावर त्या संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज, शक्यतो घरातील दुसऱ्या कोणी, काढावी. भाज्या धुवाव्या, मांस नीट शिजवावे आणि मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. परजीवीचे जीवनचक्र समजले की भीती कमी होते आणि नेमकी काळजी घेता येते. वर्गात हे चक्र फळ्यावर काढताना मुलांना आधी शाकाहाऱ्यांचे कोडे घालावे. मांजरापर्यंत ती आपणहून पोहोचतात का, ते पाहावे.