‘सेफगार्ड’ची ‘सवलत’ कशी झाली?

आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा पहिल्याच वाक्यात म्हणतो, “तुम्हाला सवलती आहेत ना!” आणि आपली पोरं तावातावाने उत्तर देतात, “सवलत आमचा हक्क आहे!” वाद तिथेच अर्धा हरलेला असतो. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. दुकानदार दिवाळीला कापडावर देतो ती सवलत, आज आहे, उद्या नाही. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत सवलत मागितलीच नव्हती. त्यांचा शब्द होता ‘सेफगार्ड’.

या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पूर्वी परक्या मुलखातून जाणाऱ्या वाटसरूला राजा जे अभयपत्र किंवा सोबतीला जो पहारा देई, त्याला सेफगार्ड म्हणत. (सोळाव्या शतकात घोड्यावर बसणाऱ्या बायका चिखल उडू नये म्हणून वरून जो झगा घालत, त्यालाही हेच नाव होते!) ‘सेफ्टी’ ही स्थिती आहे. ‘सेफगार्ड’ ही धोका ओळखून, तो घडण्याआधी उभी केलेली व्यवस्था आहे. म्हणजे हा शब्द उच्चारला की धोका कोणापासून आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. ‘सवलत’ म्हटले की तो प्रश्न गायब होतो. उरतो फक्त घेणाऱ्याचा गरीब चेहरा.

२९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे बाबासाहेबांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे. पुढे १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेच्या अल्पसंख्याक उपसमितीपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी राजकीय सेफगार्डची योजनाच मांडली. त्यात आठ अटी आहेत. अटी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण मांडणीच तशी आहे : स्वराज्यात बहुसंख्याकांच्या सत्तेखाली राहायला अस्पृश्य वर्ग कोणत्या अटींवर संमती देईल, ते हे. मागणारा हात पसरून उभा नाही, करार करायला समोर बसला आहे. समान नागरिकत्व, कायदेमंडळात आणि नोकऱ्यांत प्रतिनिधित्व, मंत्रिमंडळात स्थान, आणि सरकारने अन्याय किंवा दुर्लक्ष केले तर दाद मागायची सोय. हक्क आणि त्याचा पहारा सोबतच.

यातला बहिष्काराचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा. मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीवर बाबासाहेब स्वतः सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव काय करते, हे त्या समितीने नोंदवले होते : कसायला दिलेली जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वाट अडवणे, वाण्याने माल न देणे. लाठी न उचलता माणसाला उपाशी मारायची ही पद्धत. बाबासाहेबांनी त्यावर नुसता निषेध नोंदवला नाही. ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढला, त्याच्या आधारे बहिष्काराची व्याख्या, गुन्हे आणि शिक्षा असा मसुदाच योजनेत घातला. स्वतंत्र भारतात १९५५ च्या कायद्यात ही गोष्ट अर्धीमुर्धी आली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लागू व्हायला २६ जानेवारी २०१६ उजाडावा लागला. हिशेब तुम्हीच करा.

याच काळात हा शब्द दुसरीकडेही फिरत होता. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, भारताची आर्थिक पत आणि अल्पसंख्याक यांच्यासाठी सेफगार्डचा उल्लेख आहे. १९३५ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलवर ज्या खास जबाबदाऱ्या टाकल्या, त्यात ब्रिटिश मालाविरुद्ध भेदभाव होऊ न देणे आणि अल्पसंख्याकांचे हित जपणे या दोन्ही गोष्टी एकाच यादीत बसल्या. लंडनच्या सावकाराचा सेफगार्ड आणि चवदार तळ्याच्या माणसाचा सेफगार्ड एकाच पोत्यात! सेफगार्ड म्हणजे स्वराज्याच्या पायातली बेडी, अशी बदनामी करणे मग सोपे झाले. माझ्या मते आपल्या मागणीला ‘देशविरोधी’ ठरवण्याची सवय तिथूनच पक्की झाली.

बाबासाहेबांनी तरी शब्द सोडला नाही. मार्च १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अनुसूचित जातींच्या सेफगार्डवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बहुमताने ते सहज मोडता येऊ नयेत म्हणून दुरुस्तीवर कडक बंधनेही सुचवली आहेत. ती जशीच्या तशी स्वीकारली गेली नाहीत. पण शब्द संविधानात पोचला. कलम ३३८ च्या इंग्रजी मजकुरात तो आहे : अनुसूचित जातींसाठीच्या सेफगार्डबाबत चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणे. आधी हे काम एका विशेष अधिकाऱ्याचे होते, २००३ च्या ८९ व्या घटनादुरुस्तीपासून अनुसूचित जातींसाठी वेगळ्या राष्ट्रीय आयोगाचे आहे. हिंदीत त्याला ‘रक्षोपाय’ म्हटले आहे. जड आहे, पण अर्थ सांडत नाही.

मराठीत मात्र तो सांडला, आणि त्यात आपलाही हात आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे बौद्ध अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्राने राज्यापुरती सोय केली, केंद्राने कायदा बदलला तो १९९० साली. या साऱ्या वर्षांत निवेदने लिहिली गेली ती ‘नवबौद्धांच्या सवलती’ या नावाने. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना तोच शब्द, मोर्च्यात तोच शब्द. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. पोराची फी भरायची असताना कोणी शब्दकोश उघडत नाही. पण शब्द घरात शिरला तो राहिलाच.

आजही गावात एखाद्या वस्तीची पिठाची गिरणी बंद होते, किराणा मिळत नाही, मजुरीला बोलावणे थांबते. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत बहुतेक वेळा लिहिलेले असते, “साहेबांनी कृपा करून मदत मिळवून द्यावी.” ते वाक्य खोडा. तारीख, दुकान, गिरणी, कोणी काय नाकारले ते लिहा आणि खाली अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(झेडसी) नमूद करा. अर्जाची पोच घ्या. एक प्रत अनुसूचित जाती आयोगाला पाठवा, आणि तिथे कलम ३३८ चा उल्लेख करायला विसरू नका.