सर्वानुमते

आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीतील एका ग्रामसभेला आम्ही अलीकडेच श्रोता म्हणून हजर होतो. सभेची वेळ दहाची होती. साडेदहापर्यंत वीस-बावीस माणसे जमली. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचे सरपंचांनी जाहीर केले आणि अर्ध्या तासाने त्याच मंडपात, त्याच खुर्च्यांवर, त्याहूनही कमी माणसांत ती पुन्हा सुरू झाली. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. अकरा विषय पाऊण तासात संपले. ग्रामसेवकांनी इतिवृत्त लिहिले आणि प्रत्येक विषयाखाली एकच शब्द उतरला : 'सर्वानुमते मंजूर'.

त्या शब्दाने आमचा पिच्छा सोडला नाही. गावातील सर्वांची अनुमती म्हणजे नेमके काय? ती कोणाकडून घ्यायची असते, आणि कोणाकडून घेतलीच जात नाही? या प्रश्नाचा माग काढीत आम्ही मागे मागे गेलो ते थेट सोळाव्या शतकातील गोव्यात पोहोचलो. वाचक विचारतील, आपली वसई सोडून गोवा कशाला? कारण वसईत असे काही शोधायला फारसे उरलेले नाही. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि येथील गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना पट्ट्याने वाटली गेली. जमिनीचा धनी एक फिदाल्गो झाल्यावर गावाने एकत्र बसून ठरवण्यासारखे फारसे राहिले नाही. गोव्यात मात्र जमीन गावाच्या मालकीची होती, तिचा कारभार गावाच्या बैठकीत चाले आणि त्या बैठकीचे नियम कागदावर उतरले होते. तेथील कितीतरी जुने दप्तर कंदवी, म्हणजे गोयकानडी, लिपीत असून त्यातील पुष्कळसा मजकूर मराठी भाषेत आहे. तेव्हा हा शोध आपल्याला अगदीच परका नाही.

16 सप्टेंबर 1526 रोजी अफोंसो मेशिया या पोर्तुगीज वित्ताधिकाऱ्याने तिसवाडीच्या बेटांवरील गावांच्या रूढी लिहून काढल्या. 49 कलमांचा हा दस्तऐवज 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. गोवा जिंकून उणीपुरी सोळा वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना कर हवा होता आणि तो सुरळीत मिळावा म्हणून जुनी व्यवस्था समजून घेणे भाग होते. म्हणजे हा दस्तऐवज काही प्रेमाने लिहिलेला नाही. तरीही त्याच्या आरंभी गावकऱ्यांच्या मूळपुरुषांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना मन हरखते. ओसाड जमिनीवर मोजकी माणसे आली, त्यांनी ती लागवडीखाली आणली, वस्ती वाढवली, आणि म्हणून त्यांना गावाचे कारभारी व उपकारकर्ते मानले गेले, असा त्याचा आशय आहे. करमळी, नेवरे, आजोशी, एला अशा आठ प्रमुख गावांचा मान मोठा होता आणि बेटाच्या सामाईक बैठकीत त्यांचा शब्द चाले.

या संस्थेला 'गावकरी' म्हणत. पोर्तुगीजांनी तिला पुढे 'कोमुनिदाद' हे नाव दिले. गावाची शेते गावकरीच्या मालकीची. ती ठराविक मुदतीने लिलावात कसायला दिली जात. येणाऱ्या उत्पन्नातून आधी सरकारचा ठरलेला कर, मग बांधबंदिस्ती, देवस्थान, गावाचे सेवेकरी यांचा खर्च भागे आणि उरलेला पैसा गावकऱ्यांत वाटला जाई. त्या वाट्याला 'जोण' म्हणतात. कर मात्र शेतावर नव्हता, गावावर होता. पीक बुडाले तरी तो सर्वांनी मिळून भरायचा.

बैठकीचा नियम असा की ठराव सर्वांच्या संमतीने व्हावा. गावकऱ्यांची घराणी 'वांगड' या गटांत विभागलेली असत. प्रत्येक वांगडाचा माणूस बैठकीत बसे आणि त्यांपैकी एकानेही 'नाका' म्हटले तर ठराव बारगळे. ठरावाला पोर्तुगीज कागदांत 'नेमो' म्हणतात. आपल्या 'नेम' या शब्दाचेच ते रूप आहे. गावचा कुळकर्णी तो सर्वांदेखत लिहून घेई. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हांस ही गोष्ट अव्यवहार्य वाटली. पॅरिश कौन्सिलच्या बैठका चालवण्याचा ज्याला अनुभव आहे त्याला आमचे म्हणणे पटेल! एका माणसाच्या हट्टापायी सारे गाव ताटकळत राहील, मग कारभार चालायचा कसा?

उत्तर आम्हांस शेतात सापडले. गोव्याची खालची भातशेती खाजणांवर उभी आहे. खाडीचे खारे पाणी बांध घालून थोपवायचे आणि 'मानस' नावाच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी सांभाळायचे. वसईच्या खाजणपट्ट्यातील वाचकांना हे निराळे सांगायला नको. बांध एका ठिकाणी फुटला तर खारे पाणी कोणाचे शेत कोणाचे नाही हे विचारत नाही. ज्या वांगडाने 'नाका' म्हटले असेल त्याला डावलून बांधाचे काम काढले, तर त्याची माणसे रात्री भरतीच्या वेळी धावून येतील काय? कराचेही तसेच. सर्वांच्या खिशातून जाणारा पैसा बहुमताने ठरवला, तर अल्पमताने तो का भरावा? तेव्हा एकमताचा नियम हा सद्गुणातून नव्हे, गरजेतून आला असावा अशी आमची समजूत आहे. पुढील काळात सरकारने बहुमताची पद्धत आणली, तेव्हा काम लवकर होऊ लागले असेल. परंतु 'नाका' म्हणणाऱ्याचे वजन मात्र गेले.

येथवर आलो की गावकरीचे गोडवे गाण्याचा मोह होतो. पुष्कळांनी तो आवरला नाही. 'प्राचीन लोकशाही' असे तिचे वर्णन अनेक पुस्तकांत आढळते. मूळचे गोव्याचेच असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1947 साली या ग्रामसंस्थांवर जो निबंध लिहिला, तो या गोडव्यांवर चांगला उतारा आहे. बैठकीत बसणारा गावकरी हा वंशपरंपरेने गावकरी असे. गावात राहणारा, शेत कसणारा, बांधावर चिखल टाकणारा प्रत्येक माणूस गावकरी नव्हता. कुणबी नव्हते, कारागीर नव्हते, बाहेरून येऊन स्थायिक झालेले नव्हते. 'कुळाचारी' म्हणून ज्यांना उत्पन्नात काही वाटा मिळे त्यांचा मानही गावकऱ्यांच्या खालचा. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. प्रमुख गावकऱ्याच्या आधी कोणी भात कापू नये, इतके बारकावे फोरालमध्ये आहेत. 'सर्वांची' संमती घेतली जाई हे खरे. पण सर्व कोण, हे जन्माने आधीच ठरलेले होते.

आणि आता आम्हांला आमच्याच घराकडे वळले पाहिजे.

1540 मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली. देवळांच्या सेवेसाठी राखून ठेवलेल्या जमिनी मोकळ्या पडल्या. 1541 च्या जून महिन्यात वित्ताधिकारी फेर्नांव रोद्रिगिश द काश्तेलु ब्रांकु याने बेटावरील प्रमुख गावकऱ्यांना बोलावून घेतले. या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती देवालयांना आणि नवख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाला द्यावे असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी तो मान्य केला. कागद तसे सांगतो. त्या कागदाविरुद्ध आमच्यापाशी दुसरा कागद नाही. परंतु ज्या माणसांची देवळे आदल्याच वर्षी पाडली गेली, ती शस्त्रधारी सत्तेपुढे उभी राहून 'होय' म्हणाली, याला संमती म्हणायला आमचे मन धजत नाही. गावाच्या जुन्या पद्धतीप्रमाणे एकाचा 'नाका' पुरेसा होता. त्या दिवशी तो उच्चारण्याची सोय कोणाला होती?

पुढच्या दशकांत बैठकीचे वर्तुळच बदलण्यात आले. ठरावावर ख्रिस्ती गावकऱ्यांची नावे आधी लिहावीत. काही ठिकाणी हिंदू गावकऱ्यांना बैठकीत प्रवेशच नसावा. अशा आज्ञा निघाल्या. 1567 साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि हिंदूंवरील निर्बंध अधिक कडक झाले. आपल्या पूर्वसूरींना कारभारात न्याय मिळावा म्हणून हे केले, असे समर्थन आम्ही सेमिनरीत असताना ऐकले होते. बाटल्यामुळे नवख्रिस्ती गावकऱ्याला घरच्यांनी आणि वांगडाने दूर लोटले असेल, त्याला संरक्षण हवे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण संरक्षण एक आणि शेजाऱ्याची जागा बळकावणे दुसरे.

सर्वांत जड प्रकरण कुंकळ्ळीचे. साष्टी आणि बारदेश हे प्रांत 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे आले होते. साष्टीत येशूसंघीयांचे कार्य चाले. बारा वांगडांचे कुंकळ्ळी गाव नमेना. त्याने कर देण्याचे नाकारले आणि लष्कराने तेथील देवळे जाळली. 15 जुलै 1583 रोजी फादर रोदोल्फो आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती चर्चसाठी जागा पाहायला तेथे गेले, तेव्हा गावाने त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती माणसांना ठार केले. फादर आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून गोव्यास परतले होते. निःशस्त्र मरणारी ही माणसे होती, आणि 1893 साली पोप तेरावे लिओ यांनी पाचही जणांना धन्यवादित घोषित केले. आपले 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स त्या काळी साष्टीतच होते.

यानंतर जे घडले ते आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. बोलणी करू या, असे सांगून कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावण्यात आले. ती माणसे बोलणी करायचीच सवय असलेली, ती गेली. तेथे त्यांना कोणत्याही चौकशीविना मारण्यात आले. सोळा गेले आणि एक नदीत उडी टाकून वाचला, असे परंपरा सांगते. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली व वेरोडा या पाच गावांच्या जमिनी जप्त होऊन एका पोर्तुगीजाला बहाल झाल्या. ज्या गावाने पाहुण्यांच्या रक्ताने हात माखले ते निर्दोष नव्हते. परंतु सभेच्या नावाने बोलावून सभासदांना मारणे ही गोष्ट आम्हांस त्या रक्तपाताहूनही अधिक सलते, कारण तिने 'बसून बोलू' या शब्दावरचा विश्वासच मारला. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे असोळणेची नदी आली होती.

कोमुनिदादीची पुढची हकिगत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्या हक्कांचे रूपांतर समभागांत झाले, आणि गावकीच्या बैठकीला भागधारकांच्या सभेची कळा आली. 1904, 1933 आणि 1961 साली तिच्यासाठी संहिता झाल्या. गोवा मुक्त झाल्यावर 1962 मध्ये ग्रामपंचायती आल्या, 1964 चा कूळकायदा व 1976 ची त्याची दुरुस्ती यांनी शेते कसणाऱ्यांकडे नेली. कोमुनिदादी आजही सव्वादोनशेच्या आसपास आहेत. गावाचा कारभार मात्र त्यांच्या हाती नाही.

1962 च्या पहिल्या पंचायत निवडणुकांत जे घडले त्याचे मोल आम्हांस फार वाटते. ज्या कुणब्याचे, ज्या कारागिराचे, ज्या स्त्रीचे नाव चार शतकांत एकाही नेमाखाली आले नव्हते, त्यांच्या हातात मत आले. 24 एप्रिल 1993 पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गोव्याचा पंचायतराज कायदा 1994 चा. वर्तुळ अखेरीस गावाएवढे झाले. आणि ते रिकामे राहात नाही, हेही गोव्याने एकदा दाखवले. 2011 सालासाठीच्या प्रादेशिक आराखड्याने हिरवे डोंगर व शेते बांधकामासाठी खुली केली, तेव्हा 2006 च्या अखेरीस गावोगाव माणसे रविवारच्या मिस्सेनंतर आणि देवळांच्या सभामंडपांत नकाशे पसरून बसली. जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. एक मोठा 'नाका' होता तो, आणि या वेळी तो उच्चारताना कोणाचे वांगड कोणते हे कोणी विचारले नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्याच पॅरिश कौन्सिलची गेल्या नऊ वर्षांची इतिवृत्ते कपाटातून काढून चाळली. अध्यक्षस्थानी अर्थातच प्रमुख धर्मगुरू, म्हणजे गेली काही वर्षे आम्हीच. स्मशानाची भिंत, सणाचा खर्च, शाळेचे छप्पर, जमिनीचा एक तुकडा भाड्याने देणे. प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते'. कोणी विरोध केल्याची नोंद आम्हांस फक्त एके ठिकाणी सापडली. सणाच्या मंडपाच्या खर्चाला एका बाईंनी हरकत घेतली होती. ती ओळ नंतर शाईने खोडलेली आहे, आणि खोडणाऱ्याची सही आमची आहे.