दांडूचे माप

खेळाच्या साधनाला माप असावे की नसावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण खेळ कुणाचा, हा प्रश्न त्यातच दडलेला असतो.

वऱ्हाडात देशी खेळांच्या संघटनेचा विचार अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाला वगळून करता येत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खो व आट्यापाट्यांचे नियम छापले. परक्या प्रेक्षकापुढे वा स्पर्धेत खेळ मांडायचा, तर तो आधी कागदावर उतरावा लागतो. खो-खोला त्यातून मिळालेली प्रतिष्ठा विटीदांडूला लाभली नाही.

याचे एक कारण आम्हांला खुद्द दांडूतच दिसते. बाभळीच्या फांदीचा दांडू ज्याच्या त्याच्या हाताचा. पण तो केवळ टोला मारण्याचे साधन नाही. विटी किती लांब गेली, हे मोजण्याची काठीही तोच. लांब दांडूला पल्ला अधिक, मात्र मोजणीत गुण कमी. आखूड दांडूचे नेमके उलट. साधनाचा अवाजवी लाभ साधनच कापून टाकते. येथे पंचाच्या फुटपट्टीला फारसे काम उरत नाही.

बेसबॉलचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या 'लिटल लीग'ने मुलांसाठी अॅल्युमिनियमच्या बॅटला मान्यता दिली. ती टिकाऊ होती. पण पुढे धातूच्या बॅटचा चेंडू लाकडी बॅटपेक्षा वेगाने सुटू लागला. अखेर १ जानेवारी २०१८ पासून 'यूएसएबॅट' मानक लागू झाले. त्याचा आशय एवढाच, की नवी बॅट लाकडासारखी वागावी! समतोल बाहेरून, शिक्का मारून आणावा लागला.

म्हणून नियम नकोत, असे आमचे म्हणणे नाही. नियमांमुळेच खो-खो टिकला. पण विटीदांडूच्या मोजणीतील वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द पाहावेत: तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु त्यांत स्पष्ट ऐकू येतात. दोन भाषांचा हा शेजार कोणत्याही नियमपुस्तिकेविना मुलांच्या तोंडी टिकला. मोजणे थांबले, की हे शब्दही जातील. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची नोंद घ्यावी ती या कारणासाठी.