न झालेले मतदान

मार्च २००३ मध्ये मी नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते. सुरक्षा परिषदेत पंधरा सदस्य, त्यांतले पाच कायम. ठरावाला नऊ मते हवीत आणि पाचांपैकी कुणाचा नकाराधिकार नको. फळ्यावर एवढे लिहिले की धडा संपायचा. त्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "बाई, इराकचा ठराव कुणी फेटाळला?" मला पटकन उत्तर देता आले नाही. कारण तो कुणीच फेटाळला नव्हता!

मुळात ८ नोव्हेंबर २००२ ला ठराव १४४१ एकमताने संमत झाला होता, सीरियासकट. त्यामागे आठ आठवड्यांची घासाघीस होती. सद्दामने शस्त्रतपासणीला सहकार्य केले नाही तर 'गंभीर परिणाम' होतील, असे त्यात म्हटले होते. १९९० साली कुवेतच्या वेळी शब्द होते 'सर्व आवश्यक उपाय', आणि त्याचा अर्थ युद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होते. या खेपेला शब्द सैल ठेवला. अमेरिकेने त्यात परवानगी वाचली, फ्रान्सने 'आधी पुन्हा परिषदेसमोर या' असे वाचले. मी भाषाही शिकवायचे, म्हणून मला या शब्दाचे फार कुतूहल. सगळ्यांची सही मिळाली ती त्या सैलपणामुळेच, आणि चार महिन्यांनी दोस्त भांडले तेही त्यावरूनच.

दुसरा ठराव बुशपेक्षा ब्लेअरना हवा होता. त्यांच्याच पक्षात बंड होते, आणि दुसरा ठराव घेणे हाच कायद्याने सर्वांत सुरक्षित मार्ग, असे त्यांचे ॲटर्नी जनरल गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला लेखी कळवले होते. मसुदा २४ फेब्रुवारीला आला. मग अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान या सहा काठावरच्या देशांची मनधरणी सुरू झाली. याच देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला अमेरिकी हेरखात्याने ब्रिटनची मदत मागितल्याची बातमी २ मार्चला लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ने छापली. कॅथरीन गन या ब्रिटिश कर्मचारी बाईंनी ती फोडली होती. एकीकडे हातापाया पडायचे आणि दुसरीकडे दाराला कान लावायचा!

१० मार्चला शिराक टीव्हीवर म्हणाले, काहीही झाले तरी फ्रान्सचे मत विरोधात. लंडनने सगळे खापर त्यांच्यावर फोडले. पण नऊ मते तरी कुठे जमली होती? चिलीने तीन आठवड्यांची मुदत सुचवली, ती अमेरिकेने १४ तारखेला झिडकारली. मते मोजून न बघता मतदान घेऊच, असे ६ मार्चला सांगणारे बुश १६ तारखेला अझोर्स बेटांवर ब्लेअर आणि अझनार यांना भेटले, आणि १७ ला ठराव मतास न टाकण्याचे जाहीर झाले. २० ला बगदादवर बाँब पडत होते.

शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, हे ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ साली लिहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितले, की ठराव मतास टाकलाच नाही. ती म्हणाली, "मग परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हटले, फळ्यावरचंच लिही. ते उत्तर मला अजून टोचते.