मूठभर माती

‘जुन्या रूढींना मूठमाती दिली’ असे आपण सहज बोलून जातो. प्रेताला मूठभर माती देण्याचा मूळ अर्थ त्यात मागेच पडला आहे. सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या ‘अँटिगनी’ या शोकांतिकेत मात्र सगळा झगडा त्या खऱ्याखुऱ्या मूठभर मातीसाठीच आहे. हे नाटक इ. स. पूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये प्रथम झाले असे मानतात. कॉलेजात परीक्षेपुरते वाचून जे विसरले असतील त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

थीब्जचा राजा इडिपस याने नकळत बापाला मारले आणि आईशी लग्न केले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. (ते नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले.) त्याला दोन मुलगे, इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, आणि दोन मुली, अँटिगनी आणि इस्मीनी. बापामागे गादीवरून भाऊबंदकी पेटली. पॉलिनायसीसने परक्या राज्याची फौज आपल्याच गावावर आणली आणि वेशीपाशी दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. राज्य आले मुलींच्या मामाकडे, क्रिऑनकडे. त्याने हुकूम काढला की गावासाठी लढलेल्या भाच्याचे क्रियाकर्म इतमामाने होईल. गावावर चालून आलेल्याचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर पडेल. त्याला जो माती देईल त्याला मरण.

अँटिगनी माती देते. पहारेकरी ती झाडून काढतात. ती पुन्हा येते, पुन्हा देते आणि पकडली जाते.

या गोष्टीकडे आपण बहुतेक वेळा ‘हुकूमशहा विरुद्ध शूर मुलगी’ असे पाहतो. ज्या प्रेक्षकांसमोर ती प्रथम झाली त्यांना ती इतकी सोपी वाटली नसावी. नाटके होत ती डायोनिससच्या वसंतोत्सवात, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या उघड्या रंगभूमीवर. सगळी पात्रे मिळून तीन नट करीत, मुखवटे लावून, आणि स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्यांना याचे नवल वाटायला नको. पण नाटकाआधी काय होई ते महत्त्वाचे. अंकित राज्यांकडून आलेली खंडणीची चांदी सर्वांसमोर मांडली जाई. लढाईत बाप पडलेल्या ज्या मुलांना नगराने आपल्या खर्चाने वाढवले, ती वयात आली की त्यांना चिलखत-शस्त्रे देऊन तिथेच मिरवीत. म्हणजे आधी नगराशी निष्ठेचा एवढा मोठा सोहळा, आणि मग त्याच जागेवर एक मुलगी उभी राहून विचारते की नगराचा शत्रू माझा सख्खा भाऊ असेल तर?

आणि सोफोक्लीस काही नगराबाहेरचा बंडखोर नव्हता. इ. स. पूर्व ४४३ च्या सुमारास तो साम्राज्याच्या खजिनदारांपैकी एक होता आणि ४४१–४४० मध्ये पेरिक्लीसबरोबर सेनापती म्हणून निवडला गेला. हिशेब, हुकूम, शिस्त यांची किंमत त्याला माहीत होती. क्रिऑनच्या तोंडी त्याने घातलेले राज्यकारभाराचे विचार मूर्खाचे नाहीत. आप्ताला गावापेक्षा मोठा मानणारा माणूस कामाचा नाही, हे म्हणणे त्या बाकांवर बसलेल्या अनेकांना पटले असेल.

शिवाय फितुराला अ‍ॅटिकाच्या मातीत पुरायचे नाही हा अथेन्सचाच कायदा होता. थेमिस्टोक्लीसचे उदाहरण घ्या. इ. स. पूर्व ४८० मध्ये सालामिसच्या आरमारी लढाईत त्याने अथेन्सला वाचवले. पुढे त्याच्यावर फितुरीचा ठपका आला, तो पळाला आणि ज्या इराणी साम्राज्याला त्याने हरवले होते त्याच्याच आश्रयाला जाऊन आशिया मायनरमध्ये मेला. थ्युसिडिडीस हा इतिहासकार नोंदवतो की त्याच्या नातेवाइकांच्या सांगण्यानुसार त्याची हाडे त्याच्या इच्छेप्रमाणे मायदेशी आणून गुपचूप पुरली; उघडपणे पुरणे बेकायदा होते. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यावर जास्त भाष्य नको. रात्री-अपरात्री फोन येतो, तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळे उरकलेले असते. मूठभर मातीची किंमत ती देता न आलेल्या माणसाला जास्त कळते.

अर्थात क्रिऑन या कायद्याच्याही पुढे जातो. अथेन्सचा कायदा हद्दीबाहेर पुरायला मना करत नव्हता. क्रिऑन प्रेताला कुठेच माती मिळू देत नाही.

ग्रीक शोकांतिका म्हटली की ‘सगळे दैवाचे खेळ’ असे सांगून मोकळे व्हायची आपल्याकडे सवय आहे. इडिपसपुरते ते ठीक. त्याच्या जन्माआधीच भविष्यवाणी झालेली होती. अँटिगनीला मात्र कुणी देववाणी माती द्यायला लावत नाही. घराण्याला शाप आहे हे नाटकातले वृद्ध वारंवार बोलून दाखवतात, पण तो शाप काम करतो तो माणसांच्या निष्ठेमधून. बहीण भावाशी एकनिष्ठ, राजा गावाशी. क्रिऑनचा मुलगा हीमॉन हा अँटिगनीचा वाग्दत्त वर. (आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा नाही, तिथे चालत असावे.) तो आधी बापाशी आदराने बोलतो, गावात लोक कुजबुजत आहेत ते सांगतो, आणि बाप ऐकत नाही असे पाहून प्रेयसीच्या मागे जातो. यातला एकही दुर्जन नाही. प्रत्येकाचा नाश त्याच्या चांगल्या गुणानेच होतो.

एका ठिकाणी तर सोफोक्लीसने दैवाला जवळजवळ बाजूलाच ठेवले आहे. अँटिगनीला गुहेत जिवंत चिणलेले असते; रक्ताचे पाप गावाला लागू नये म्हणून थोडे अन्न ठेवून. आंधळा द्रष्टा टायरेसियस येऊन बजावतो, तेव्हा क्रिऑन हादरतो आणि वृद्धांना सल्ला विचारतो. ते क्रम लावून सांगतात: आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. क्रिऑन उलटे करतो. आधी प्रेताचे सगळे विधिपूर्वक करतो, वर मातीचा ढीग रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. हीमॉन तिच्याशेजारी स्वतःच्या अंगात तलवार खुपसून घेतो आणि बातमी ऐकून त्याची आई युरिडिसीही जीव देते. ज्याने मातीला मनाई केली तोच माती देण्यात वेळ घालवतो. याला दैव म्हणायचे की स्वभाव, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो स्वभाव वाटतो. चुकीची भरपाई करतानासुद्धा त्याला जिवंत माणूस आधी दिसत नाही.

आणि खरे सांगायचे तर अँटिगनीलाही तो नेहमी दिसत नाही. धाकटी इस्मीनी आधी घाबरते, पण नंतर पुढे येऊन ‘मीही गुन्ह्यात होते’ म्हणते. मेलेल्या भावासाठी जीव देणारी अँटिगनी जिवंत बहिणीला तोडून बोलते, दूर लोटते. इस्मीनीचे पुढे काय झाले ते नाटक सांगत नाही. माझे लक्ष दर वाचनात तिच्याकडेच जाते.

हा वाद रंगभूमीवर मिटला नाही. इ. स. पूर्व ४०६ मध्ये अथेन्सने अर्गिनुसाय बेटांजवळ स्पार्टाविरुद्ध मोठी आरमारी लढाई जिंकली. पण वादळ उठले आणि फुटलेल्या जहाजांवरची माणसे व मृतदेह समुद्रातच राहिले. नगरात संताप उसळला. सणासाठी जमलेल्या सभेत डोकी भादरलेले, काळी वस्त्रे घातलेले लोक उभे राहिले. आठ सेनापतींना एकाच मतदानाने दोषी ठरवले. त्या दिवशी सभेच्या प्रमुखांत सॉक्रेटीस होता. हे बेकायदा आहे म्हणून त्याने विरोध केला, पण उपयोग झाला नाही. जे सहा हाती लागले त्यांना मारण्यात आले. लढाई जिंकून आलेली ती माणसे होती. त्याच सुमारास सोफोक्लीस नव्वदीच्या घरात वारला. मारल्या गेलेल्या सहांत त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा, पेरिक्लीसचा, मुलगा होता.