जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांपुरता राखून ठेवला आहे. पण पुष्कळ घरांत जिन्याखालीं किंवा माळ्यावर आजोबांची एखादी काळी इंग्लिश सायकल वर्षानुवर्षें पडून असते. अठ्ठावीस इंची चाकें, सळ्यांचे ब्रेक, कातड्याचें सीट आणि सर्वांगावर गंजाचा थर. अशा वाहनाविषयीं हा शब्द वापरला तर तो अस्थानीं होऊं नये. ही सायकल घरच्या घरीं पुन्हां रस्त्यावर आणतां येते काय, आणि आणावयाची तर तिचें काय राखावें व काय टाकावें, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें तिच्या इतिहासांत आहेत.

प्रथम तिचा घाट पाहूं. १८७० नंतरच्या दशकांत सायकलीचें पुढील चाक छातीइतकें उंच व मागील चाक वीतभर असे. स्वार डोक्यावर आपटण्याचें भय नित्याचें होतें. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. तिचीं चाकें जवळजवळ सारखीं होतीं आणि पायडलाची गति साखळीनें मागील चाकाला पोंचत होती. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जनावरांची डॉक्टरी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. पुढील थोड्याच वर्षांत चौकटीचा आकारही स्थिर झाला. जिन्याखालची आपली सायकल या रोव्हरचीच वंशज होय.

आतां हातांत पाना घेऊन ती खोलावयास लागलें म्हणजे हा वंशवृक्ष आणखी मागें जातो. चाकाचे आरे हबमधून सरळ न निघतां तिरपे निघतात व एकमेकांना छेदून रिमला मिळतात. ही युक्ति जॉन केंपचा चुलता जेम्स स्टार्ली याची, १८७४ सालची. साखळीच्या प्रत्येक दुव्यांत फिरणारी नळी आढळते. ती मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डनें १८८० सालीं दिली. हब उघडतांच काळ्या ग्रीसमध्यें बुडालेले पोलादी छर्रे बाहेर पडतात. असे छर्रे सायकलीला बसविण्याचें पेटंट पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यानें १८६९ सालीं घेतलें होतें. म्हणजे सायकल उलट क्रमानें सुटी होत जाते, तसतसा तिचा इतिहासही उलट क्रमानें उलगडत जातो.

खोलण्याच्या कामांत घाई घातक असते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें ध्यानांत न ठेवणारा मनुष्य जोर करून पायडल अधिकच आवळतो. गंजलेल्या सांध्यांना तेल सोडून रात्रभर मुरूं द्यावें. क्रँकची कॉटर पिन काढतांना तिची चाकी पिनेच्या टोंकाशीं सपाट येईपर्यंतच सैल करावी, क्रँकखालीं भक्कम टेकू द्यावा आणि मग एकच खणखणीत घाव घालावा. हलक्या हातानें वीस वेळां ठोकल्यास पिन वांकते, निघत नाहीं. छर्रे मोजून ठेवावे. मधल्या दांड्याच्या प्रत्येक बाजूस पाव इंची अकरा छर्रे असतात. सर्व भाग रॉकेलमध्यें धुवावे. कोन व वाट्या उजेडांत धरून पाहाव्या. त्यांवर खड्डे पडले असतील तर ते बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. साखळीचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. एक अष्टमांश इंच अधिक भरले तर साखळी झिजली असें समजावें. पुढील चाकाला ३२ व मागील चाकाला ४० आरे असतात, कारण भार मागें अधिक पडतो. चाकाचा आउट काढतांना आऱ्याची निपल एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये.

हें करीत असतां सायकलीचें वय व कुळही कळूं लागतें. हँडलाखालच्या पट्टीवर बगळा असेल तर ती नॉटिंगहॅमची रॅले. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर बर्मिंगहॅमची बी.एस.ए.; हा कारखाना १८६१ सालीं बंदुका करण्यासाठींच निघाला होता. मुलामा पिवळसर असेल तर निकेलचा, निळसर असेल तर क्रोमियमचा, आणि क्रोमियमची चाल १९३० च्या सुमाराची. तीन गतींचा स्टर्मी-आर्चर हब असल्यास त्यावर बहुधा वर्षाचा आंकडाच ठोकलेला सांपडतो. इतर बहुतेक इंग्लिश कारखाने मधल्या वाटीला इंचास २४ आटे ठेवीत, रॅले मात्र २६ ठेवी. नवी वाटी आणतांना हा भेद ठाऊक नसेल तर चौकटीचेच आटे कायमचे बिघडतात.

इतक्या जुन्या यंत्राचे सुटे भाग आज मिळतात, याचें श्रेय मोठ्या अंशीं आपल्याच देशाला आहे. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ सालीं सोनिपतला ॲटलस आणि १९५६ सालीं लुधियान्याला हिरो, असे कारखाने निघाले व त्यांनीं हाच इंग्लिश घाट उचलला. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यांतील उत्पादन २००२ सालीं थांबलें. परंतु तींच अठ्ठावीस इंची चाकें, तेच सळ्यांचे ब्रेक व त्याच कॉटर पिना येथें दूधवाल्यासाठीं, पोस्टमनसाठीं व शेतकऱ्यासाठीं होत राहिल्या. गरिबाच्या गरजेनें एका परक्या वस्तूची परंपरा जतन केली.

शेवटचा प्रश्न रंगाचा, आणि खरा कस येथेंच लागतो. गंज खरवडून सबंध चौकट झगझगीत काळी करण्याचा मोह कोणासही होईल. आपल्याकडील कित्येक देवळांतून भाविकांनीं दिलेल्या ऑइलपेंटखालीं शिलालेख बुजून गेले आहेत. हेतु शुद्ध होता, हानि मात्र भरून येत नाहीं. सायकलीवरील सोनेरी रेघा, कारखान्याची अर्धवट पुसलेली मुद्रा, वर्षानुवर्षें गुडघा घासून उघडी पडलेली दांडी, हा त्या सायकलीचा शिलालेखच होय. तो एकदां गेला कीं उरतें तें नवें वाहन, आणि नवें वाहन बाजारांत कोठेंही मिळतें.

याचा अर्थ मोडकेंपण पुजावें असा नव्हे. ज्यावर जीव अवलंबून आहे, तेथें भावनेला थारा नसावा. ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब व झिजलेली साखळी निःशंक बदलावी. पुढील चिमट्याला चीर दिसली तर तो चिमटा टाकूनच द्यावा. परंतु जें केवळ जुनें दिसतें म्हणून डोळ्यांना खुपतें, तें पुसून, तेल लावून तसेंच राहूं द्यावें. आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावा. पुढील पिढींतील कोणी ही सायकल पुन्हां खोलील, तेव्हां आपण काय बदललें आणि काय तसेंच राखलें, हें तिला त्या डब्यावरून समजेल.