येऊ द्या, येऊ द्या!

गाडी रिव्हर्स घेणे हे ड्रायव्हरने एकट्याने करायचे काम आहे, असे मोटार शिकवणारे सांगतात. प्रत्यक्षात ती सामुदायिक प्रार्थना असते. एकदा आम्ही भाड्याची टेंपो ट्रॅव्हलर घेऊन सहकुटुंब कोकणात गेलो होतो. माणसे अकरा, डबे सतरा. सासूबाईंनी तर स्टोव्हसुद्धा घेतला होता. न जाणो, वाटेत चहा मिळाला नाही तर! जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधल्या एका पाणंदीत आमची ही धर्मशाळा अशी काही शिरली, की पुढे जायला वाट नाही आणि दार उघडायला फट नाही. मग अर्धा फर्लांग मागे! गावातली चार जाणती माणसे, दोन पोरे आणि काठी टेकत आलेले एक आजोबा, सगळे मिळून ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या!" गाडी गडग्याला घासल्याचा आवाज झाला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आता बस्स!"

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. पुढे थॉमस पोल्टर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाच्या गाडीची हकीकत वाचनात आली आणि माझी लाज कुठल्या कुठे पळाली. कारण पोल्टरच्या गाडीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास १४८ किलोमीटरचा. आणि तो संपूर्ण रिव्हर्समध्ये!

ही गोष्ट १९३९ सालची. अंटार्क्टिकावर अमेरिकेची एक सरकारी मोहीम निघायची होती. तिचे प्रमुख होते ॲडमिरल रिचर्ड बर्ड. पोल्टर हा शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमधला शास्त्रज्ञ. त्याने मोहिमेसाठी एक चालते घर बांधायचे ठरवले आणि त्याचे नाव ठेवले 'स्नो क्रूझर'. लांबी ५५ फूट, रुंदी २० फूट, उंची १६ फूट, वजन सुमारे ३४ टन. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी लगेच गुणाकार केला. अकराशे चौरस फूट! याच्या निम्म्या जागेसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मी अजून भरतो आहे, आणि माझी जागा जागची हलतसुद्धा नाही.

आत निजायची सोय, दुरुस्तीचा कारखाना, वर्षभराचा शिधा ठेवायला कोठार आणि नऊ हजार लिटरच्या वर इंधन. स्वयंपाकघर आणि फोटो धुवायची अंधारी खोली एकच होती. म्हणजे एखाद्या दिवशी आमटीला वेगळीच चव लागली, तर कारण शोधायला लांब जायला नको. छपरावर एक विमान ठेवायचे होते, वाट चुकलीच तर वरून बघायला! डिझेल इंजिने दोन, त्यांच्यावर वीज तयार व्हायची आणि चार चाकांना चार मोटारी. इंजिनांचे गरम पाणी घरभर फिरवून खोल्या उबदार ठेवायची युक्तीही होती. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि आत साध्या पांघरुणावर झोप!

अंटार्क्टिकावर मोठी भीती असते ती बर्फातल्या भेगांची. पोल्टरने पंधरा फुटांची भेग ओलांडायचा बंदोबस्त केला होता. पुढची चाके पोटाशी घ्यायची, मागच्या चाकांनी ढकलत गाडीचे लांबलचक नाक पलीकडे टेकवायचे, मग पुढची चाके खाली सोडायची, मागची वर घ्यायची आणि पुढच्यांनी ओढून घ्यायचे. कुंपणावरून पलीकडे जाणारी घोरपड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. खर्च दीड लाख डॉलर. बांधायला लागलेला वेळ अकरा आठवडे. आमच्या बँकेत नवीन पंख्याचा अर्ज याहून जास्त काळ टेबलावर असतो.

२४ ऑक्टोबर १९३९ रोजी गाडी पहिल्यांदा सुरू झाली आणि लगोलग शिकागोहून बॉस्टनला निघाली. तिथे जहाज उभे होते. अंतर हजार मैलांच्या वर. वीस फूट रुंदीची गाडी रस्त्यावर आली म्हणजे रस्ता आणि गाडी या दोन वेगळ्या वस्तू उरत नाहीत. समोरून येणाऱ्यांनी थांबायचे, मागून येणाऱ्यांनी नशिबाला बोल लावायचा. लोक मात्र वरात बघायला यावे तसे लोटले. ओहायो राज्यात गोमर नावाच्या गावाजवळ एक लहानसा पूल होता. दक्षिण ध्रुवाकडच्या पंधरा फुटी भेगांना दाद न देणारी ही गाडी तिथे एका ओढ्यात पडली आणि तीन दिवस तिथेच बसली! आमच्याकडे असते, तर दुसऱ्या दिवशी शेजारी भज्यांची गाडी लागली असती आणि तिसऱ्या दिवशी ओढ्याला तीर्थाचे नाव मिळाले असते.

१२ नोव्हेंबरला गाडी बॉस्टनला पोचली, १५ ला जहाजावर चढून निघाली आणि जानेवारी १९४० मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागली. उतरवताना लाकडी उतरणीतून एक चाक आरपार गेले. पोल्टरने जोर देऊन गाडी कशीबशी बाहेर काढली. मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी बर्फावर आली, चाके फिरू लागली... आणि नुसती फिरतच राहिली. गाडी जागच्या जागी तीन फूट खाली गेली.

कारण अगदी साधे होते. माणसाहून उंच, दहा फूट व्यासाचे ते टायर मुळात दलदलीत चालणाऱ्या वाहनासाठी तयार केलेले होते. त्यांना नक्षीच नव्हती. साफ गुळगुळीत, आमच्या साहेबांच्या डोक्यासारखे. भेगांचा विचार झाला, थंडीचा झाला, विमानाचा झाला. बर्फावर टायर घसरेल, हा विचार तेवढा राहून गेला. मग जादा आणलेले दोन टायर पुढच्या चाकांना जोडले, मागच्यांना साखळ्या बांधल्या. तरी सरळ जायला गाडी नाखूष. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की मागे मात्र ती बऱ्यापैकी जाते. झाले! दीड लाख डॉलरची गाडी पाठमोरी निघाली. दक्षिण ध्रुवाच्या आसमंतात "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला एक आजोबासुद्धा नव्हते, पेंग्विन असतील तर तेवढेच.

जानेवारी संपायच्या आत पोल्टर अमेरिकेला परतला आणि गाडीचा ताबा दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे आला. त्याचे आडनाव वेड. मी बनवून सांगत नाही, कागदोपत्री तसेच आहे.

इथपर्यंत वाचताना मी मनसोक्त हसलो. मग त्याच पोल्टरची पाच वर्षांपूर्वीची एक हकीकत हाती लागली आणि हसू थोडे आखडते घेतले. १९३४ च्या हिवाळ्यात हे बर्ड मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर एका खोपटात हवामानाच्या नोंदी घेत एकटेच राहिले होते. शेगडीच्या विषारी धुराने त्यांना अंथरुणाला खिळवले. त्यांना आणायला काळोखात, भयंकर थंडीत तिघे जण ट्रॅक्टर घेऊन निघाले, त्यांचा म्होरक्या हा पोल्टर. दोनदा माघार घ्यावी लागली. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये ते पोचले आणि बर्ड वाचले.

आता माझ्या डोक्यात तो हिशेब वेगळा मांडला जाऊ लागला. उघड्या बर्फावर त्या ट्रॅक्टरमध्ये ज्याने तीनदा जीव धोक्यात घातला, त्याला भिंती, चूल आणि ऊबदार अंथरूण बरोबर न्यावेसे वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? सासूबाईंचा स्टोव्ह वेगळे काय सांगत होता? पोल्टर त्यांच्यासारखाच वाटेच्या काळजीने निघाला होता. फक्त त्याचा स्टोव्ह ३४ टनांचा झाला.

आणि गंमत अशी, की ही गाडी गाडी म्हणून नापास झाली. घर म्हणून पहिल्या वर्गात पास! वेडच्या माणसांनी तिच्यावर लाकडे आणि बर्फ रचून आत अख्खा हिवाळा काढला. भूकंपशास्त्राचे प्रयोग केले, आकाशातून येणारे विश्वकिरण मोजले, बर्फाचे नमुने घेतले. पुढे महायुद्धामुळे वरून पैसे बंद झाले आणि १९४१ च्या सुरुवातीला मंडळी परतली. घर तिथेच राहिले. १९४६ च्या अखेरीस निघालेल्या मोहिमेला ते सापडले, तेव्हा टायरांत हवा भरली आणि थोडे तेलपाणी केले की काम भागण्यासारखे होते. १९५८ मध्ये एका बांबूच्या खुणेवरून बर्फ उपसून ते पुन्हा काढले. आत कागद, मासिके, सिगारेटी, सगळे होते तसे पडलेले. जणू मंडळी चहाला बाहेर गेली आहेत. चाकांच्या तळापर्यंत खणून १९४० पासून किती बर्फ पडला, तेही शास्त्रज्ञांनी मोजून घेतले. म्हणजे निकामी गाडीने शेवटी मोजपट्टीचे काम केले! पुढे १९६० नंतर तिथला बर्फ तुटून समुद्रात गेला आणि गाडी बेपत्ता झाली.

बँकेच्या भाषेत हे बुडीत खाते. दीड लाख डॉलर गेले, तारण समुद्रात. पण माझ्या वहीत मी ते तसे लिहिणार नाही. पुढची वाट बंद झाल्यावर पुष्कळ शहाणी माणसे स्टिअरिंग सोडून कपाळाला हात लावून बसतात. या मंडळींनी मान मागे वळवली आणि १४८ किलोमीटर काटले.

परवा सोसायटीच्या अरुंद फाटकात शेजारच्यांचा मुलगा नवीकोरी गाडी घेऊन अडकला. लाजेने लालबुंद झाला होता बिचारा. मी घरातल्या चपलांवरच खाली धावलो, त्याच्या मागे उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवत म्हणालो,

"येऊ द्या, येऊ द्या!"